नापसंतीची सूचना : मुंबईच्या गॅलरीचा कागदोपत्री इतिहास

मुंबईत घर बांधू इच्छिणाऱ्याला महानगरपालिकेकडून जो पहिला महत्त्वाचा कागद मिळवावा लागतो, त्याचे रूढ नाव ‘इंटिमेशन ऑफ डिसअप्रूव्हल’ असे आहे. शब्दशः मराठी करायचे तर ‘नापसंतीची सूचना’. बांधकामाच्या धंद्यातली माणसे त्याला ‘आयओडी’ म्हणतात आणि तो हाती आला की काम मार्गी लागले असे समजतात. नकाराचे पत्र होकार म्हणून स्वीकारण्याची ही रीत शतकाहून अधिक काळ चालत आली आहे. तिच्या जोडीला, गृहनिर्माण संस्थेपासून अग्निशमन दलापर्यंत जिथून तिथून जमवावयाचे दाखले असतात, त्यांचे नावही ‘ना हरकत’ असेच. ‘हो’ हा शब्द या सबंध व्यवहारात क्वचितच उमटतो. ‘आमची हरकत नाही’ आणि ‘आमची नापसंती अमुक अटींवर मागे घेतली असे समजावे’, या दोन नकारांच्या सांध्यात घर उभे राहते.

वक्रोक्ती आणि व्याजोक्ती शिकणाऱ्या-शिकवणाऱ्या आमच्यासारख्यांनी या कागदांकडे अधिक कुतूहलाने पाहायला हवे होते, असे आम्हास वाटते. मराठी कथा-कादंबरी-नाटकातल्या ज्या अवकाशावर आपण इतके लिहिले-बोललो, तो चाळीचा सज्जा किंवा गॅलरी, या कागदांनीच घडविला आहे आणि पुढे त्यांनीच मिटवत आणला आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे : घराला लागून असलेली ही अर्धी उघडी जागा जोवर परवानगीच्या हिशेबात हवा-उजेडाची बाब होती, तोवर ती टिकली, ती क्षेत्रफळाची बाब झाली, त्या दिवसापासून तिचे दिवस भरत आले. तिच्या ऱ्हासाचा दोष आपण ‘माणसे आत्ममग्न झाली’ या एका वाक्यावर टाकतो, तो बराचसा अन्यायाचा आहे.

प्रथम शब्दांपुरते. ओटा, ओसरी, पडवी, सोपा, सज्जा, माडी, गच्ची ही सारी नावे घराच्या आत आणि बाहेर यांच्यामधल्या जागांची आहेत. ओट्यावर बसलेल्या माणसाशी रस्त्यावरचा माणूस घरात न येता बोलू शकतो; ओसरीपर्यंत कोणाला येऊ द्यायचे आणि माजघरात कोणाला, याचे नियम जातीने आणि नात्याने ठरविलेले असत. म्हणजे ही जागा मोकळी होती, पण सर्वांना मोकळी नव्हती. मुंबईत चाळी उभ्या राहिल्या तेव्हा एकेका मजल्यावरच्या खोल्यांसमोरून जाणारी लांब सामाईक गॅलरी आली. ती वाट होती, वाळवण घालण्याची जागा होती, उन्हाळ्यात चटई टाकून झोपण्याची सोय होती आणि भांडणाचे रंगमंचही होती. खोली भाड्याची, गॅलरी मात्र कोणा एकाची नव्हती आणि म्हणूनच सर्वांची होती.

आता कायद्याकडे वळू. १८८८ चा मुंबई महानगरपालिका अधिनियम हा या विषयातला मूळ ग्रंथ. त्याच्या ३३७ व्या कलमाने नवे बांधकाम करू इच्छिणाऱ्याने आयुक्तास सूचना द्यावी असे सांगितले आणि ३४२ व्या कलमाने असलेल्या इमारतीत भर घालणाऱ्याला किंवा फेरफार करणाऱ्याला तेच बंधन घातले. घराला नवी गॅलरी काढणे किंवा असलेली भिंतीत घेणे या दुसऱ्या कलमाखाली येते. या जुन्या कलमांत नागरिक परवानगी मागत नाही. तो ‘मी बांधणार आहे’ अशी सूचना देतो. ३४५ व्या कलमानुसार तीस दिवसांत आयुक्ताने लेखी नापसंती कळविली नाही, तर इतर नियम पाळून तो काम सुरू करू शकतो. नापसंती कळवायची असेल, तर आयुक्ताने कारणे द्यायची आणि कोणत्या अटींवर हे काम मान्य समजले जाईल तेही सांगायचे, अशी तरतूद ३४६ व्या कलमात आहे. आपल्या ‘आयओडी’चा जन्म तिथला.

या रचनेमागे एकोणिसाव्या शतकातली एक निश्चित धारणा आहे. मालमत्ता मालकाची, तो तिच्यावर बांधणार हे गृहीत, सरकारने मध्ये पडायचे ते कारण दाखवूनच. म्हणून होकाराला स्वतंत्र शब्दाची गरज नव्हती; मौन हाच होकार. पुढे व्यवहार उलटला. प्रत्येक कामाला काही ना काही अट असणार हे ठरून गेले, त्यामुळे प्रत्येक प्रस्तावाला नापसंती कळविणे आणि खाली अटींची यादी जोडणे हीच वहिवाट झाली. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाने तर धारणाच बदलली : लेखी परवानगीवाचून विकास करता येणार नाही, हा आता मूळ नियम ठरला. मुंबईत दोन्ही कायदे एकाच फाइलीत शेजारी शेजारी राहिले. आधी जुन्या कायद्याची नापसंती, मग नव्या कायद्याचे प्रारंभ प्रमाणपत्र. झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाच्या फाइलीत मात्र त्याच जागी ‘इंटिमेशन ऑफ अप्रूव्हल’ असते. एकाच शहरात एका कार्यालयाने पसंती कळवावी आणि दुसऱ्याने नापसंती, आणि दोहोंचा अर्थ एकच असावा, हे भाषेच्या अभ्यासकाने नोंदवून ठेवण्यासारखे आहे.

नियमांना खरा जोर आला तो रोगाने. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या गोमंतकीय वैद्याने प्लेगचे निदान केले. १८९७ साली साथरोगांचा कायदा आला. त्याच वर्षी पुण्यात प्लेगच्या घरझडत्यांतून रँडचा वध झाला, हे सर्वश्रुत आहे. त्या मानाने १८९८ साली स्थापन झालेल्या मुंबई सुधार मंडळाची, म्हणजे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची, आठवण आपल्या साहित्यचर्चेत क्वचित निघते. दाट वस्तीत हवा-उजेड नाही म्हणून रोग पसरतो, या समजुतीवर या मंडळाचे काम उभे होते. गल्ल्या पाडून रस्ते काढणे, नव्या वसाहती आखणे आणि नव्या चाळी बांधणे ही त्याची कामे. मंडळाचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी १९१२ च्या सुमारास मुंबईच्या घरांतील हवा-उजेडावर व्याख्याने दिली आणि साडेत्रेसष्ट अंशांच्या नियमाचा आग्रह धरला. खोलीच्या बाहेरच्या भिंतीच्या पायथ्यापासून साडेत्रेसष्ट अंशांची तिरपी रेघ आकाशाकडे काढायची. समोरचे बांधकाम त्या रेघेच्या वर जाता कामा नये. त्रिकोणमिती सोपी आहे : समोरच्या इमारतीची उंची मधल्या मोकळ्या जागेच्या दुपटीहून अधिक नको.

या रेघेच्या दृष्टीने गॅलरी ही दुटप्पी वस्तू होती. ती खोलीपुढे हवेशीर जागा देते, पण तिचेच छप्पर मागच्या खोलीवर सावली धरते. ती रस्त्यावर पुढे आली तर गल्लीतले आकाश अरुंद करते. म्हणून १८८८ च्या कायद्यातल्या रस्त्यांविषयीच्या भागात रस्त्यावर डोकावणारे व्हरांडे, सज्जे आणि छत यांना बंदी आहे आणि आयुक्ताच्या लेखी परवानगीने सूटही आहे. सज्ज्याला परवानगी देणारा अधिकारी त्या काळी ‘किती पुढे, किती उंच, समोर किती मोकळे’ एवढे विचारीत असे. ‘किती चौरस फूट’ हा प्रश्न अजून मुख्य झाला नव्हता.

सुधार मंडळाच्या चाळींचे, म्हणजे बीआयटी चाळींचे, मराठी विचारविश्वाशी असलेले नाते थोर आहे. परळच्या बीआयटी चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर दोन दशकांहून अधिक काळ राहिले. १९३० च्या दशकात त्यांनी दादरच्या हिंदू कॉलनीत बांधलेले ‘राजगृह’ ज्या दादर-माटुंगा भागात आहे, त्याची आखणीही याच मंडळाची. ओसरीपर्यंतही येऊ न देणाऱ्या समाजातून आलेल्या माणसाला रहिवासाचा हक्क सरकारी भाडेपावतीने मिळावा, या घटनेत चाळीच्या सामाईक जागेचा एक वेगळा अर्थ आहे. जात चाळीत नाहीशी झाली असे नाही. वस्त्या आणि मजले जातवार विभागलेलेच असत. पण सामाईक वाटेवर पाय ठेवण्याचा आधार आता भाडेपावती हा होता, आणि पावतीला सोवळे-ओवळे कळत नाही.

१९२० साली निघालेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने गॅलरीला फाटाच दिला. वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी येथील बीडीडी चाळींत मधोमध बोळ आणि दोन्ही बाजूंना खोल्या अशी रचना आहे. बाहेरची लांब गॅलरी इमारतीच्या पोटात ढकलली गेली आणि तिचा अंधारा बोळ झाला. त्या बोळातही शेजार नांदला, हा रहिवाशांचा पराक्रम, आराखड्याचा नव्हे.

येथे थोडे साहित्याकडे. पु. ल. देशपांडे यांची ‘बटाट्याची चाळ’ १९५८ साली आली. तिच्या शेवटच्या चिंतनात चाळीच्या जाण्याची जी हुरहूर आहे, ती मराठी मध्यमवर्गाची प्रातिनिधिक भावना होऊन बसली. किरण नगरकरांच्या ‘रावण अँड एडी’ या १९९५ च्या इंग्रजी कादंबरीचा आरंभच वरच्या मजल्यावरून खाली पडणाऱ्या तान्ह्या मुलाने होतो, आणि त्या पडण्याने खालचा माणूस मरतो. दोन घरांचे, दोन धर्मांचे भवितव्य बाल्कनीच्या एका कठड्याशी बांधले जाते. जयंत पवारांच्या ‘अधांतर’ (१९९७) या नाटकात संपानंतरचे गिरणगाव एका खोलीत कोंडलेले दिसते. या तीन कृतींत चाळ तीन प्रकारे दिसते : गमतीची आणि हुरहुरीची, अपघाताची, कोंडीची. समीक्षेने मात्र पहिल्याच प्रकाराला प्रमाण मानले. चाळीची सामूहिकता हा जणू तिथल्या माणसांचा स्वभावगुण, आणि सदनिकेतला एकलकोंडेपणा हा नैतिक ऱ्हास, असे वाचन रूढ झाले. गॅलरी कोणी, कोणत्या नियमाने, कशासाठी बांधू दिली आणि पुढे का बांधू दिली नाही, हा प्रश्न विचारला गेला नाही.

त्याचे उत्तर १९६० च्या दशकात आहे. १९६७ च्या विकास नियंत्रण नियमांनी मुंबईत ‘एफएसआय’चा अंमल पक्का केला. मराठीत त्याला ‘चटई क्षेत्र निर्देशांक’ म्हणतात. भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधता येईल, याचा हा आकडा. १९९१ च्या नियमांनी तो शहरात १.३३ आणि उपनगरांत १ असा ठेवला. आता परवानगीच्या नकाशातला प्रत्येक चौरस मीटर एक तर मोजला जाणार किंवा सुटणार. आणि जो सुटतो, तो फुकट मिळालेला.

१९९१ च्या नियमांनी सज्ज्याला ही सूट दिली. निवासी इमारतीत तळमजला सोडून प्रत्येक मजल्याच्या क्षेत्राच्या दहा टक्क्यांपर्यंत, किमान एक मीटर रुंदीची बाल्कनी चटई क्षेत्रात न धरता बांधता येई. हेतू चांगला होता : लोकांना उघडी जागा मिळावी. पण त्याच नियमांत अधिमूल्य भरून लेखी परवानगीने बाल्कनी बंद करण्याचीही सोय होती. दर्शनी भागाचा तिसरा हिस्सा झडपांना, जाळीला किंवा काचेच्या तावदानांना ठेवावा, अशी अट होती. या दोन वाक्यांच्या मध्ये मुंबईची गॅलरी संपली. बांधकाम व्यावसायिकाने गॅलरी म्हणून नकाशात दाखवायचे, मोजणीतून सोडवून घ्यायचे, आणि राहायला आलेल्या कुटुंबाने ती खोलीत घ्यायची, ही सार्वत्रिक रीत झाली. त्यातला फरक एवढाच की कोणी अधिमूल्य भरून घेतली आणि कोणी न भरता. ज्याने भरले त्याची खोली झाली. ज्याने नाही भरले त्याचे अनधिकृत बांधकाम झाले. विटा, काच आणि माणसांची गरज दोन्हीकडे एकच.

या ठिकाणी दुसरी बाजू मांडणे आम्ही कर्तव्य समजतो. गॅलरी बंद करण्याला परवानगी लागावी, यात निव्वळ कारकुनी नाही. गॅलरीची लादी बहुधा इमारतीतून बाहेर झेपावलेली असते. तिला खालून आधार नसतो. तिच्या कडेला भिंत चढवली की ज्या टोकाला वजन कमी असावे तिथेच ते वाढते. त्यात समुद्राकाठच्या दमट, खारट हवेत सळया गंजतात. म्हणून परवाना असलेला वास्तुविशारद किंवा सर्व्हेअर, आरसीसी सल्लागाराचा दाखला, संस्थेची ना हरकत आणि नकाशात नव्या कामाला लाल व पाडायच्या कामाला पिवळा रंग, ही सारी तपशीलवार पद्धत माणसाच्या जिवाची राखण करणारी आहे. आक्षेप पद्धतीला नाही. फाइलीतला वजनदार प्रश्न वजनाचा न राहता अधिमूल्याचा झाला, हा आक्षेप आहे.

तुलनेसाठी अमेरिकेकडे पाहता येईल. तिथल्या मराठी कुटुंबांच्या घरामागे लाकडी ‘डेक’ असतो, आणि त्यासाठीही नगराचा परवाना लागतो. अनेक राज्यांनी स्वीकारलेल्या तिथल्या आदर्श निवासी बांधकाम संहितेत एक सूट आहे : डेक दोनशे चौरस फुटांपर्यंत असेल, जमिनीपासून तीस इंचांहून उंच नसेल, घराला जोडलेला नसेल आणि घराच्या आवश्यक निर्गमन दारासमोर नसेल, तर परवाना नको. स्थानिक नियम वेगळे असू शकतात. पण या चार अटींपैकी तीन सरळ सरळ पडण्याच्या, कोसळण्याच्या आणि आगीत बाहेर न पडता येण्याच्या भीतीतून आल्या आहेत. ती भीती काल्पनिक नाही. २९ जून २००३ रोजी शिकागोत एका घराची मागची लाकडी पडवी मेजवानीच्या गर्दीने कोसळून तेरा जण मृत्युमुखी पडले. ती परवान्यावाचून आणि नियमाहून मोठी बांधली होती, असा ठपका नगर प्रशासनाने ठेवला. २०१५ साली बर्कलीत कुजलेल्या तुळयांवरची बाल्कनी कोसळून सहा तरुण गेले आणि त्यातून कॅलिफोर्नियात अशा बांधकामांच्या नियमित तपासणीचे कायदे झाले. तिथला परवाना ‘हे कोसळेल का?’ असे विचारतो. आपला परवाना १८८८ ते १९१२ च्या काळात ‘याने हवा अडेल का?’ असे विचारीत असे, आणि १९६७ नंतर ‘हे मोजायचे का?’ असे विचारू लागला.

या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ६ जानेवारी २०१२ च्या दुरुस्तीने दिले : मोजायचे. तोवर फुलझाडांच्या कुंडीसाठी म्हणून दाखविलेल्या ‘फ्लॉवर बेड’ आणि कोनाड्यांसारख्या सुटलेल्या जागा विकल्या जात होत्या. त्या दुरुस्तीने बाल्कनीसह या जागा चटई क्षेत्रात धरल्या आणि बदल्यात निवासी इमारतींना अधिमूल्यावर पस्तीस टक्के जादा क्षेत्र दिले. लबाडीला आळा बसला, हे मान्य केले पाहिजे. पण परिणाम असा की उघडी गॅलरी आणि बंद खोली यांची किंमत कागदावर सारखी झाली. मग गॅलरी बांधणार कोण? २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने आणखी एक गंमत केली : ग्राहकाला सांगायच्या चटई क्षेत्रातून बाल्कनी आणि व्हरांडा वगळले. एका कायद्याने ती मोजायची, दुसऱ्याने नाही. आता महागड्या प्रकल्पांच्या जाहिरातींत गॅलरी ‘डेक’ या नव्या नावाने परत आली आहे. सर्वांची असलेली जागा, ज्याला परवडते त्याची झाली. जुन्या चाळी पाडून रहिवाशांना मिळणाऱ्या उंच इमारतींतल्या सदनिकांत स्वच्छतागृह आले, हे मोठे सुख. त्याला कोणी नाके मुरडू नयेत. सामाईक टोपलीसंडासापुढच्या रांगेची हुरहूर ती रांग न लावलेल्यांनीच बाळगावी. पण दारासमोरची लांब मोकळी वाट मात्र गेली, आणि तिला कोणत्याही तक्त्यात रकाना नव्हता म्हणून तिची भरपाईही मागता आली नाही.

आमच्या अध्यापक-मित्रांस यातून एकच सुचवावेसे वाटते. ‘अधांतर’ किंवा ‘बटाट्याची चाळ’ वर्गात शिकवताना चाळीच्या मजल्याचा एक नकाशाही फळ्यावर काढावा : खोली केवढी, गॅलरी किती रुंद, नळ कुठे, जिना कुठे. पात्रे एकमेकांच्या आयुष्यात का येतात याची निम्मी उत्तरे त्या रेघांत सापडतील. आणि नंतरच्या साहित्यात ती एकमेकांच्या आयुष्यात येईनाशी होतात, तेव्हा त्यांना आत्मकेंद्री म्हणण्याआधी त्यांच्या इमारतीची फाइल कोणत्या वर्षीच्या नियमांनी मंजूर झाली, हेही विचारावे. सासू-सासरे, वाढती मुले आणि एका खोलीचा संसार सांभाळताना ज्या बाईने गॅलरीला खिडक्या लावून मुलाच्या अभ्यासाचे टेबल तिथे ठेवले, तिने शेजार नाकारला नव्हता. तिच्यापुढे दोनच पर्याय नियमाने ठेवले होते आणि तिने त्यातला तिच्या मुलाच्या कामाचा निवडला. हे ध्यानात घेतले, तर आपली हुरहूर कमी होणार नाही. पण ती निदान योग्य पत्त्यावर जाईल.